माल हलेना, दुकान हलू लागलं : वाचकांचे प्रश्न

टीव्ही-फ्रिजच्या जुन्या दुकानांविषयी या वेळी पत्रांचा ढीग आला. बहुतेक दुकानदारांची, काही गिऱ्हाइकांची, एक विद्यार्थिनीचं. पत्रं कापून लहान केली आहेत. उत्तरांतले हिशेबाचे आकडे समजावण्यापुरते आहेत. आपल्या बिलावरचे आकडे घालून गणित पुन्हा मांडावं.

प्रश्न (चिपळूण) : आमचं दुकान 1984 पासून बाजारपेठेत आहे. वडिलांच्या नावावर गिऱ्हाईक यायचं. आता येतं, टीव्ही लावून बघतं, मॉडेल नंबरचा फोटो काढतं आणि मोबाइलवरून मागवतं. दीड-दोन हजारांचा फरक असतो. या किमतीला आम्ही कसं पुरायचं?

उत्तर : तुमच्या पत्रात किंमत जागोजाग आहे, मालाचं वय कुठेच नाही. गोडाऊनमधला कुठला नग किती महिन्यांचा आहे, हे न बघता किमतीची लढाई सुरू केली तर ती हरणारच.

आधी फरक खरा आहे का ते तपासा. बऱ्याच कंपन्या ऑनलाइनसाठी वेगळा मॉडेल नंबर काढतात. पुढून टीव्ही सारखाच दिसतो. पण एचडीएमआय पोर्ट तीनऐवजी दोन, स्पीकर 20 वॉटऐवजी 16, रॅम कमी, वॉरंटी दोनऐवजी एक वर्ष. गिऱ्हाइकाने फोटो काढला की त्याच्याच मोबाइलवर दोन्ही मॉडेलांची माहिती उघडून शेजारी शेजारी दाखवा. हे काम काउंटरवरच्या मुलाला जमलं पाहिजे. खरोखर तोच नंबर असेल तर मात्र पुढचं गणित करा.

समजा, जीएसटी आणि स्कीम (कंपनीची जादा सूट) वजा जाऊन एका टीव्हीची तुमची एनएलसी, म्हणजे तुम्हाला पडणारी निव्वळ किंमत, 28,000 आहे आणि तो एमओपीला, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या बाजारभावाला, जीएसटी सोडून 30,000 ला जातो. हाती 2,000. सीसीवर, म्हणजे माल भरायला घेतलेल्या कॅश क्रेडिट कर्जावर, बँक वर्षाला 12 टक्के लावते, म्हणजे महिन्याला 280 रुपये. पहिल्याच महिन्यात गेला तर 1,720 उरतात. आठ महिने उभा राहिला तर व्याजच 2,240 होतं, म्हणजे पूर्ण भावाला विकूनसुद्धा 240 रुपये खिशातून गेले. त्यात या आठ महिन्यांत त्या मॉडेलचा भाव उतरलेला असतोच. दीड हजार कमी करून पहिल्या महिन्यात विकलेला टीव्ही हा ताठ भावाने आठव्या महिन्यात विकलेल्या टीव्हीपेक्षा फायद्याचा. जुन्या दुकानदाराला हे पटायला जड जातं, कारण त्याच्या उमेदीच्या काळात उलटं होतं. माल मिळायची मारामार होती, भाव वर्षागणिक चढायचे, आणि गोडाऊनमध्ये धरून ठेवलेला माल महाग होत जायचा. आता कोपऱ्यात पडलेला टीव्ही दर महिन्याला स्वस्त होतो.

म्हणून एकच कागद करा. दर महिन्याच्या 1 तारखेला सगळ्या नगांची यादी खरेदीच्या तारखेने लावायची : 30 दिवसांच्या आतले, 60 च्या आतले, 90 च्या आतले, त्यापुढचे. 60 ओलांडलेला माल डिस्प्लेला पुढे येतो, विकणाऱ्या मुलाला त्यावर जास्त कमिशन. 90 ओलांडलेला माल एनएलसीला किंवा त्याखाली काढायचा. टॅली वापरत असाल तर स्टॉकचं वय दाखवणारा रिपोर्ट त्यातच आहे; मात्र खरेदी त्याच दिवशी चढवलेली हवी. बिलं साठवून पंधरा दिवसांनी चढवणाऱ्या दुकानात हा रिपोर्ट खोटं बोलतो.

प्रश्न (रत्नागिरी) : कंपनीचा माणूस महिनाअखेरीला येऊन बसतो. 40 फ्रिज उचला, 4 टक्के जादा देतो म्हणतो. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी चालणारं मॉडेल देत नाही. काय करावं?

उत्तर : दुकानं सर्वांत जास्त बुडतात ती या टेबलावर. कंपनीच्या लेखी माल तुमच्या गोडाऊनमध्ये उतरला की विक्री झाली. त्यांच्या माणसाचं टार्गेट तिथे संपतं. तुमची विक्री तिथून सुरू होते.

40 फ्रिज, प्रत्येकी 18,000, म्हणजे 7 लाख 20 हजार. 4 टक्के म्हणजे 28,800. तुमच्याकडे महिन्याला आठ फ्रिज जात असतील तर हा माल पाच महिन्यांचा, सरासरी अडीच महिने पैसा अडकला, व्याज 18,000. दहा-अकरा हजार सुटले. पाचच जात असतील तर आठ महिने, सरासरी चार महिने, व्याज बरोबर 28,800. सगळी स्कीम बँकेत गेली. गोडाऊनचं भाडं, पोचा पडलेला दरवाजा, उतरलेला भाव हे तुमच्या अंगावर. म्हणजे मर्यादा सोपी आहे : दोन महिन्यांत जाईल त्याहून जास्त माल कुठल्याही स्कीमसाठी उचलू नये. दोन महिन्यांच्या आतला असेल तर जरूर उचला, स्कीम सोडायचं कारण नाही.

आपल्या कोकणपट्टीत हे 'दोन महिने' कुठले, याला फार महत्त्व आहे. एप्रिल-मेमध्ये आंब्या-काजूचा पैसा हातात असतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, बंदरांच्या गावात खर्चाला हात आखडतो. मग गणपती. मुंबईचे चाकरमानी येतात, घरातला जुना टीव्ही बदलतात, मिक्सर-गीझर घेतात, त्यानंतर दसरा-दिवाळी. जूनच्या शेवटी दिलेली फ्रिजची स्कीम आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली तीच स्कीम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुंबईत बसून टार्गेट ठरवणाऱ्याला हे कॅलेंडर दिसत नाही, ते तुम्ही त्याला दाखवायचं. मागच्या तीन वर्षांची महिनावार विक्री एका पानावर छापून समोर ठेवली की बोलणं बदलतं.

घ्यायचंच ठरलं तर तीन गोष्टी मेलवर लेखी मागा. क्रेडिट नोट, म्हणजे स्कीमचे पैसे तुमच्या खात्यात जमा केल्याचा कंपनीचा कागद, किती तारखेपर्यंत येणार. भाव उतरला तर पडून असलेल्या मालावर फरक मिळणार का. आणि 90 दिवसांत न गेलेले नग बदलून मिळणार का. तोंडी शब्दाला अर्थ नाही, तो माणूस सहा महिन्यांत बदलून कोल्हापूरला जातो. क्रेडिट नोटचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा. दुकानदार स्कीम गृहीत धरून भाव तोडतात आणि नोट येते चार महिन्यांनी, तीही कमी रकमेची.

22 सप्टेंबर 2025 ला एसी आणि 32 इंचांवरच्या टीव्हींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा हाच धडा मिळाला. जुन्या मालावरचं 28 टक्क्यांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, बुडालं नाही, ते लेजरमध्ये राहून पुढच्या करात वळतं. पण भरलेल्या गोडाऊनवाल्याचा पैसा तिथे अडकून पडला, आणि हलक्या गोडाऊनवाल्याने दिवाळी केली. एसीच्या स्टार लेबलचंही तसंच. 1 जुलै 2022 ला मापदंड कडक झाले आणि तोवरचे 5 स्टार एका रात्रीत 4 स्टारच्या पंगतीला बसले. लेबलवर त्याचा कालावधी छापलेला असतो. एसी उचलताना तो वाचत जा.

ऑस्ट्रेलियातली डिक स्मिथ ही 1968 पासूनची साखळी जानेवारी 2016 मध्ये बसली. खरेदी गिऱ्हाईक काय मागतंय यावर न होता कंपन्या किती रिबेट देतात यावर होत होती. माल साचला, बॅटऱ्यांचे तर डोंगर झाले. सिडनी काय नि रत्नागिरी काय, रोग एकच.

प्रश्न (मालवण) : आमचं होमस्टे आहे, सहा खोल्यांना दीड टनाचे एसी घ्यायचे आहेत. ऑनलाइन नगामागे दोन हजार कमी पडतात. गावातला दुकानदार म्हणतो, 'माझ्याकडूनच घे, मागाहून त्रास होणा नाय.' त्याच्या बोलण्यात किती तथ्य?

उत्तर : तो खाली दिलेली कामं करत असेल तर पूर्ण तथ्य. नुसता खोका पाठवून कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर सोडणार असेल तर काहीच नाही, मग ऑनलाइन घ्या. विचारून बघा.

समुद्रापासून काही शे मीटरच्या आत एसीचा शत्रू एकच, खारा वारा. आउटडोअर युनिटच्या कॉइलमध्ये नळी तांब्याची आणि पापुद्रे ॲल्युमिनियमचे. दोन धातू, मध्ये खारट ओल. ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं, पांढरी भुकटी होऊन पापुद्रे बोटाने सुटतात. मग उष्णता बाहेर जात नाही, कॉम्प्रेसर तापतो, बिल वाढतं आणि शेवटी गॅस गळतो. म्हणून कॉइलवर गंजरोधक लेप असलेलंच मॉडेल घ्यायचं आणि आउटडोअर समुद्राकडे तोंड करून लावायचं नाही. घराच्या आडोशाला, पण मागे निदान एक फूट आणि पुढे मोकळी जागा ठेवून. ब्रॅकेटचे नट-बोल्ट स्टेनलेस. ब्रॅकेटला भोक पाडलं की तिथला रंग जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्या जागी रेड ऑक्साइड आणि वर रंग. दोन-तीन महिन्यांनी, पावसाळा सोडून, आउटडोअर बंद करून साध्या गोड्या पाण्याने हळू धुवायचं. गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाने पापुद्रे मुडपतात. इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअरमध्ये सर्किट बोर्ड असतो आणि आपल्याकडे त्यात पाल शिरते. पाल मरते, बोर्डही जातो. वायर आत शिरते ती भोकं बसवतानाच बुजवून घ्या.

फिटिंगच्या वेळी समोर उभे राहा. जोडणी झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा-ओल पंधरा-वीस मिनिटं ओढायची असते, मग पंप बंद करून गेजचा काटा स्थिर राहतो का बघायचं. घाईत असलेला माणूस पंप आणतच नाही, थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढल्यासारखं करतो. आत राहिलेली ओल वर्षा-दोन वर्षांत त्रास देते, तोवर तो फोन उचलत नाही. नळी तीन मीटरच्या पुढे गेली तर मीटरप्रमाणे जादा पैसे पडतात. तो दर आधी लिहून घ्या.

आता वीज. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत तीन-चार दिवस मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. 170 च्या खाली जात असेल तर दीड टनाला 4 केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा. खोक्यावर 'स्टॅबिलायझर नको' लिहिलेलं असलं तरी. सहाही एसी एका फेजवर ओढू नका. महावितरणकडे थ्री फेजचा अर्ज करा, प्रत्येक फेजवर दोन एसी, प्रत्येकाला वेगळा एमसीबी, आणि अर्थिंग मोजून.

एक गोष्ट तुमचा दुकानदारही कदाचित सांगणार नाही. अनेक वॉरंटी कार्डांत 'घरगुती वापर' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. होमस्टेच्या नावाने बिल घेतलंत तर वॉरंटी कमी होते का, आणि गंज वॉरंटीतून वगळला आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. सहा नगांच्या ऑर्डरवर दुकानदार हे पत्र आणून देऊ शकतो, ऑनलाइनवाला नाही. नगामागचे दोन हजार यासाठी द्यायचे.

प्रश्न (गुहागर) : वडील सगळं फुकट करून देतात. टीव्ही टांगणं, गीझर जोडणं, रिमोट शिकवणं. आता पैसे मागितले तर गिऱ्हाईक तोंडावर म्हणतं, 'काकांनी कधी घेतले नाहीत.' कसं बदलायचं?

उत्तर : काकांना ते परवडत होतं, कारण त्यांना टीव्हीवर घसघशीत सुटायचं आणि फिटिंग त्यातून निघायचं. आता टीव्हीवरचं सुटणं पाच-सात टक्क्यांवर आलं आणि फुकट फिटिंग तसंच राहिलं. जुन्या दुकानांची खरी अडचण इथे आहे. जे कुणीही विकू शकतं त्यावर ती नफा शोधतात आणि जे त्यांनाच येतं ते फुकट वाटतात.

टीव्ही टांगण्याचंच बघा. आपल्या घरांच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या. खोक्यातली 6 मिमीची गट्टी त्यात धरत नाही; चिरा पोकळ-पोकळ असतो, ड्रिलचा हॅमर लावून भोक पाडलं की कडा ढासळतात आणि भोक मोठं होतं. इथे हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवत भोक पाडावं लागतं, 10 मिमीची किमान 75 मिमी लांब गट्टी लागते, भोकातली माती फुंकून काढावी लागते, आणि चिरा फारच भुसभुशीत असेल तर केमिकल अँकर. 55 इंची टीव्ही कंपनीच्या शहरी माणसाने खोक्यातल्या स्क्रूवर टांगला आणि खाली आला, तर तुटलेल्या पॅनेलला वॉरंटी नसते. हे काम ज्ञानाचं आहे, त्याचा दर असायलाच हवा.

दर एकदम जाहीर करू नका, बिलावर दाखवायला लागा. पहिले तीन महिने बिलात फिटिंगची वेगळी ओळ : 'टीव्ही बसवणे, जांभा भिंत, 600 रुपये, सूट 600'. गिऱ्हाइकाला कळतं की या कामाला किंमत आहे. पुढचे तीन महिने सूट निम्मी. मग पूर्ण दर, आणि दरपत्रक काउंटरच्या वर टांगलेलं. ऑनलाइन घेतलेला टीव्हीसुद्धा त्याच दराने बसवून द्या. जुने दुकानदार इथे रुसतात, 'आमच्याकडून घेतला नाहीस, आता भोग' म्हणतात. तो टीव्ही हातचा गेलाच. निदान भिंतीचे 600, स्टॅबिलायझरचे दोन हजार आणि पुढचा फ्रिज तरी कशाला घालवता?

वॉटर प्युरिफायर विकत असाल तर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, खिशात ठेवा, तीन-चारशे रुपयांना मिळतो. पिण्याच्या पाण्यातल्या या क्षारांची भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, विहिरीचं पाणी बहुतेकदा 200 च्या आत निघतं. तिथे आरओ लावणं म्हणजे चांगलं पाणी वाया घालवणं, यूव्ही पुरतं. खाडीकाठची विहीर मे महिन्यात मचूळ होते, तिथे आरओशिवाय गत्यंतर नाही. टाकीला लाल थर बसत असेल तर लोह आहे, त्याचा फिल्टर वेगळा. मीटरला जंतू कळत नाहीत, हेही गिऱ्हाइकाला सांगायचं. आरओ न विकता परत आलेल्या दुकानदाराचं नाव वाडीभर होतं आणि पुढचं वॉशिंग मशीन त्याच्याकडून जातं.

तोक्योच्या बाजूला माचिदा शहरात 'देन्का नो यामागुची' नावाचं छोटं दुकान आहे. आसपास मोठी दालनं उघडली तेव्हा त्यांनी भाव पाडले नाहीत. गिऱ्हाइकांची यादीच लहान केली, ढोबळ नफा 25 वरून 35 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं, आणि यादीतल्या वयस्कर लोकांची घरातली बारीकसारीक कामं करायला लागले. मुलं मुंबई-पुण्याला आणि आईवडील गावी, ही कोकणातली घरं त्या यादीत तंतोतंत बसतात. पैसे देणारा मुंबईत असतो, त्याला गावी विश्वासाचा माणूस हवा असतो. मे महिन्यात आणि गणपतीत हे मुलगे घरी सापडतात. वर्षाचा करार त्यांच्याशी करा : पावसाआधी एकदा आणि दिवाळीआधी एकदा फेरी, इन्व्हर्टरचं पाणी, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, फ्रिजचं रबर, अर्थिंग. प्रत्येक फेरीचा फोटो व्हॉट्सॲपवर.

प्रश्न (सावंतवाडी, वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी) : जगातल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स साखळ्याही बुडाल्या. सगळ्यांचं कारण ऑनलाइनच का?

उत्तर : नाही. ऑनलाइनने शेवटचा धक्का दिला, भिंत आधीच पोखरलेली होती.

अमेरिकेतली सर्किट सिटी 1949 पासूनची. 2000 मध्ये तिने फ्रिज-वॉशिंग मशीनसारख्या मोठ्या वस्तू विकणंच बंद केलं. डिलिव्हरी आणि गोडाऊनचा खर्च वाचला, पण नव्या घरात राहायला येणारं गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. मार्च 2007 मध्ये जास्त पगाराचे 3,400 विक्रेते काढले, म्हणजे ज्यांना माल समजत होता तेच. नोव्हेंबर 2008 मध्ये दिवाळखोरी, 2009 च्या मार्चमध्ये कुलपं. पगार हा खर्च वहीत लगेच दिसतो. जाणकार माणूस गेल्यावर न झालेली विक्री कुठल्याच वहीत दिसत नाही. प्रोजेक्टला एवढा एक मुद्दा घेतलात तरी पुरे.

रेडिओशॅक 1921 ची. सुटे भाग विकून नाव कमावलं, 1977 मध्ये स्वतःचा संगणक टीआरएस-80 आणला. पुढे मोबाइल कनेक्शन विकण्यावर सगळा भार टाकला आणि मोबाइल कंपन्यांच्या मर्जीवर गेली. फेब्रुवारी 2015 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. ब्रिटनमधली मॅप्लिन 2018 मध्ये साधारण त्याच वाटेने गेली.

उलट उदाहरण अमेरिकेतल्याच बेस्ट बाय या साखळीचं. 2012 मध्ये तिलाही सगळे संपली म्हणत होते. तिने 2013 पासून ऑनलाइनच्या किमतीएवढीच किंमत लावायला सुरुवात केली, सॅमसंगसारख्या कंपन्यांना दुकानातच त्यांची दालनं थाटू दिली, आणि 2002 मध्ये घेतलेली गीक स्क्वॉड ही दुरुस्ती सेवा पुढे आणली. लोक बघायला येतातच, तर त्या बघण्याचे पैसे कंपन्यांकडून घ्यायचे, अशी ती अक्कल. आपल्याकडे विजय सेल्स 1967 मध्ये माहीमच्या छोट्या दुकानातून निघाली. 2006 मध्ये क्रोमा आणि 2007 मध्ये रिलायन्स डिजिटल आल्यावरही टिकली. तेव्हा 'जुनं म्हणून बुडालं' असं प्रोजेक्टमध्ये लिहू नका.

प्रश्न (महाड) : 22 जुलै 2021 च्या पुरात आमचं गोडाऊन गेलं. विमा होता, तरी निम्मेच पैसे मिळाले. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर : बहुधा विम्याची रक्कम 31 मार्चच्या ताळेबंदावरून घेतली होती. कोकणात पूर जुलैत येतो आणि गोडाऊन तेव्हाच गणपतीसाठी भरत असतं. माल 80 लाखांचा, विमा 40 चा, नुकसान 20 चं असेल तर कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे 10 च्या आसपास देते. वर्षातला सर्वांत भरलेला महिना धरून विमा काढा. एकूण मालमत्ता 5 कोटींच्या आत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी विचारा. त्यात पूर धरलेला आहे आणि 15 टक्क्यांपर्यंतची कमी रक्कम दुर्लक्षिली जाते. सीरियल नंबरची यादी रोज दुकानाबाहेर, क्लाउडवर जायला हवी. कॉम्प्युटरही त्याच पाण्यात बुडतो. भिजलेला नग 'चालतो का बघू' म्हणून लावू नका, सर्व्हेअर येईपर्यंत हलवू नका.

प्रश्न (अलिबाग) : नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज नसतं, तर फायनान्स कंपनीला मिळतं काय?

उत्तर : 36,000 चा टीव्ही, बारा हप्ते 3,000 चे. फायनान्स कंपनी दुकानदाराला 36,000 देत नाही. 5 टक्के डीबीडी, म्हणजे व्याजाऐवजी आधीच कापून घेतलेली रक्कम, असेल तर 34,200 देते. हे 1,800 स्कीमच्या काळात टीव्हीची कंपनी उचलते, नाहीतर दुकानदाराच्या माथी. शिवाय गिऱ्हाइकाकडून प्रोसेसिंग फी. म्हणून रोख देणाऱ्याने तेवढी सूट मागायला हरकत नाही. दुकानदारांनी डीबीडी कोण भरतंय हे न बघता सगळ्या मॉडेलांवर बोर्ड लावू नये. सात टक्क्यांच्या मार्जिनमधून पाच गेले तर उरलं काय?

प्रश्न (दापोली) : बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलेलं चालतं का?

उत्तर : सदोष मालाला ते लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिलावर मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. ती ओळ काढा, मुदत छापा.

प्रश्न (देवगड) : जागा स्वतःची, नोकर एकच, आम्ही दोघे भाऊ बसतो. वर्षाअखेरीस दोन-तीन लाख दिसतात. वडील म्हणतात दुकान चालू आहे, धाकटा म्हणतो बंद करू. खरं कोणाचं?

उत्तर : धाकट्याचं बरोबर निघण्याची शक्यता जास्त. बाजारातल्या गाळ्याचं भाडं महिना 15,000 धरा, म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजार. दोघा भावांचे पगार, बाहेर नोकरीत मिळाले असते तेवढे, प्रत्येकी 15,000 धरले तरी 3 लाख 60 हजार. हे 5 लाख 40 हजार नफ्यातून वजा करा. दुकान तोट्यात आहे आणि तो तोटा तुमची जागा आणि तुमचे दिवस भरून काढताहेत. भाड्याच्या जागेतलं दुकान दोन वर्षांत बंद पडतं. स्वतःच्या जागेतलं वीस वर्षं झिजत राहतं, म्हणून ते जास्त धोक्याचं.

लगेच कुलूप लावू नका. टीव्ही आणि मोबाइलचा साठा बंद करा, डिस्प्लेला दोन-तीन नग ठेवून बाकी ऑर्डरीप्रमाणे डिस्ट्रीब्युटरकडून मागवा. मासळीवाल्यांचे डीप फ्रीझर, बागायतदारांचे पंप-स्टार्टर, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, एसीची देखभाल इकडे वळा. यात गिऱ्हाईक भावापेक्षा तासाभरात येणाऱ्या माणसाला पैसे देतं. धाकट्याला आयटीआयचा फ्रिज-एसीचा अभ्यासक्रम करू द्या किंवा तो केलेला मुलगा भागीत घ्या. गाळा दुभागून पुढचा अर्धा भाड्याने गेला तर उत्तमच, दुरुस्तीला मागची जागा पुरते.

जुना साठा काढताना सर्वांत आधी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या काढा. लेड-ॲसिड बॅटरी पडून राहिली की आपोआप उतरते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. ज्या जातील त्या विका, राहतील त्यांना तीन महिन्यांनी एकदा चार्जिंगला लावा आणि वॉरंटी कार्डावर विक्रीची खरी तारीखच घाला. मग 32 इंची टीव्ही, त्यानंतर वॉशिंग मशीन. डीप फ्रीझर शेवटी, आणि तेही नारळी पौर्णिमेच्या आधीच्या पंधरवड्यात.